कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू

माझ्या धाकट्या नणंदेने एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना माझा व्यवसाय समजावून सांगितला होता. "वहिनी गाईचं बिघडलेलं दूध मागवतात, ते आणखी बिघडवतात आणि मग पट्टी घेऊन त्यात उठलेली वर्तुळं मोजतात." पाहुण्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मला काही तिचं म्हणणं खोडून काढता येईना, कारण ढोबळमानाने मी आयुष्यभर तेच केलं.

मी पशुवैद्यक, पण गोठ्यात जाऊन इंजेक्शन देणारी नव्हे. नगरच्या केडगावात पुणे रस्त्याला लागून दोन गाळ्यांत माझी जनावरांची प्रयोगशाळा होती. गावोगावचे डॉक्टर आजारी जनावराचं दूध, पू, लघवी असं काहीबाही पाठवायचे. त्यात कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने आटोक्यात येईल, हे मी कळवायचे. मदतीला शकूरभाई. जंतूंना खाऊ म्हणून लागणारी जेली ते स्वतः शिजवायचे आणि ती चांगली जमली की बिर्याणी उतरल्यासारखे खूश व्हायचे.

नमुने कसे येतील याचा नेम नसायचा. एका गृहस्थांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून दूध आणलं. मी विचारलं, "बाटली धुतली होती का?" तर अभिमानाने म्हणाले, "एकदम चकाचक. फिनेल घालून धुतली." साहजिकच त्या दुधात काही उगवलं नाही. गृहस्थ म्हणाले, "म्हंजे गाय ठणठणीत हाय!" त्यांना कसं सांगावं, की गाईचं मला माहीत नाही, पण बाटली ठणठणीत आहे!

हे काम नेमकं काय, ते सांगते. दुधाचा एक थेंब जेलीच्या थाळीवर ओढायचा आणि थाळी उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यावर जंतूंचे ठिपके उठतात. त्यातला दोषी वाटणारा एक ठिपका उचलून दुसऱ्या कोऱ्या थाळीभर पसरायचा आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या, एका औषधाची एक. टिकलीतलं औषध जेलीत झिरपतं. जंतू त्या औषधाला घाबरत असेल, तर टिकलीभोवती वाढत नाही आणि तिथे स्वच्छ वर्तुळ राहतं. जंतू निगरगट्ट असेल, तर थेट टिकलीला चिकटून वाढतो. वर्तुळ मोजायचं, त्या औषधाच्या ठरलेल्या मापाशी ताडायचं आणि नावापुढे अक्षर लिहायचं. 'एस' म्हणजे जंतू औषधाला वश आहे, 'आर' म्हणजे जुमानत नाही, आणि मधला 'आय' म्हणजे लग्नाला होकार आहे पण अटी आहेत.

इथवर शकूरभाईंनाही सगळं यायचं. खरं काम पुढे असतं. ज्याचं वर्तुळ सर्वांत मोठं ते औषध सर्वांत चांगलं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक औषध जेलीत आपल्या चालीने पसरतं, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं. आणि मुख्य म्हणजे थाळीत गाय नसते. थाळीत कास नसते, पू नसतो, ताप नसतो. भंडारदऱ्याकडचा एक बैल मानेवर गळू घेऊन कितीतरी दिवस हैराण होता. माझ्याच अहवालात तीन औषधांपुढे 'एस' होतं आणि तिन्ही देऊन झाली होती. त्याच्या डॉक्टरांना मी म्हटलं, "औषध रक्तातून जातं. एवढ्या पुवात ते पोचणार कसं? आधी चिरा." चिरलं, तर आतून बाभळीचा काटा निघाला. काट्यापुढे 'एस' किंवा 'आर' लिहायची सोय आमच्या कागदावर नव्हती.

पण ज्या प्रकरणाने मला माझा व्यवसाय नव्याने शिकवला, ते पारनेर तालुक्यातल्या मंदाताईंचं. त्याची सुरुवात एका फोनने झाली.

सकाळची वेळ होती. मी टेबलाशी बसून पोहे खात होते. फोन शकूरभाईंनी घेतला. पलीकडून बाईचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येत होता. "मॅडमला कालपासून लई ताप हाय. खात न्हाई, पीत न्हाई, कुनाला जवळ येऊ देईना. काल तर मालकांना लाथ मारली!"

शकूरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "मॅडम तर इथे समोर बसून पोहे खातायत."

मग उलगडा झाला. मंदाताईंच्या गोठ्यातली सर्वांत दुधाळ संकरित गाय बारीक कुट्टी केल्याशिवाय वैरणीला तोंड लावत नसे, म्हणून घरात तिचं नाव 'मॅडम' पडलं होतं. आमचा नंबर त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी दिला होता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईलाही सगळे मॅडमच म्हणतात, हे कळल्यावर मंदाताई इतक्या ओशाळल्या, की पुढे कायम मला 'डाक्टरीनबाई' म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांचे डॉक्टर आले. डॉ. संदेश. तिशीचा, हुशार, मोटारसायकलवर औषधांची पेटी बांधून माळरानावरच्या गावांतून फिरणारा. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा अहवाल होता.

"मॅडम, हे बघा. असं मी कधी पाहिलं नाही."

औषधांची लांब रांग आणि प्रत्येकापुढे 'आर'. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर.

"चार गाई आहेत अशा," तो म्हणाला. "कास सुजलेली, दुधात गुठळ्या. केंद्रावरून दूध परत पाठवतायत. मी दोन औषधं बदलली. पहिल्या दिवशी बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मॅडम, हा सगळ्यांना पचवून बसलेला जंतू आहे. आता माणसांच्या दवाखान्यात जे शेवटचं इंजेक्शन ठेवतात ना, ते मिळवतोय. त्याशिवाय इलाज नाही."

"ते इंजेक्शन अतिदक्षता विभागातल्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं," मी म्हटलं. "गोठ्यात वापरायला लागलो, तर त्या माणसासाठी काय उरेल? आणि इथे जंतूचं नावच लिहिलेलं नाही. नुसतं 'वाढ आढळली'. कोणाची वाढ? गुन्हेगाराचं नाव माहीत नसताना त्याला कुठली शिक्षा लागू पडते, हे कसं ठरवायचं?"

तो वरमला. पण लगेच म्हणाला, "मॅडम, ते घर दुधावर चालतं. माळाची जमीन, पाऊस आला तर आला. मंदाताई म्हणतायत, गाई बाजारात काढू का. मी काय सांगू?"

मला त्या सरसकट 'आर'ची शंका येत होती. मुरलेला जंतूसुद्धा एखाद्या तरी औषधाला दबकतो. चार गाईंतला जंतू एकाही औषधासमोर पाऊलभर मागे सरकत नाही, याचा अर्थ एकतर तो फार भयंकर आहे, नाहीतर आपण विचारतोय तो प्रश्नच चुकीचा आहे. पण शंकेवर उपचार होत नाहीत. मी शकूरभाईंना म्हटलं, "उद्या आपणच जाऊ नमुने घ्यायला."

संदेशही आमच्याबरोबर आला. गोठा माझ्या अपेक्षेपेक्षा नीटनेटका होता. मंदाताई चाळिशीच्या, काटक, बोलताना हात सतत कामात. त्यांचे यजमान भाऊसाहेब भाजीचा टेम्पो चालवायचे. त्या दिवशी मुद्दाम घरी थांबले होते आणि एका खांबाला टेकून आमच्याकडे संशयाने बघत होते.

दूध घेण्याआधी मी सड धुतले, कोरडे केले, प्रत्येक सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा पुसलं. पहिल्या धारा टाकून दिल्या. मग उकळलेल्या बाटलीत थोडंसं दूध घेतलं. शेणाचा कण पडला, तर थाळीत शेणातले जंतू उगवतात आणि आपण त्यांच्यावर उपचार करत बसतो. हा सोहळा बघून भाऊसाहेब म्हणाले, "एवढी तयारी आमच्या लग्नातबी झाली न्हवती."

'मॅडम'ने मात्र आपल्या नावाचा मान राखला. माझ्या हातातली बाटली तिने पायाने उडवली आणि शांतपणे मान वळवून बघितलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

निघताना मी सहज विचारलं, "डॉक्टर यायच्या आधी तुम्ही काही देत होतात का?"

मंदाताईंनी कोनाड्यातून एक मोठी बाटली आणली. आत पिवळसर औषध, निम्मं संपलेलं, आणि बाटलीत बुडवून ठेवलेली एक सिरिंज. "ह्ये सडातून सोडायचं. शेजारच्या गावात समदे सोडत्यात. दुधात जरा गुठळी दिसली, की पिचकारी मारायची. चारीला तीच. एकीला दिली आन् दुसरीला न्हाई, असं आमी करत न्हाई."

मी आणि संदेशने एकमेकांकडे पाहिलं. समभाव चांगला होता, पण एकच पिचकारी चार गाईंच्या सोळा सडांत फिरत होती आणि पुन्हा त्याच बाटलीत बुडत होती.

दुसऱ्या दिवशी थाळ्या उघडल्या. चारही थाळ्यांत एकाच प्रकारचे ठिपके. पांढरे, जाडसर, मंद, साईच्या थेंबांसारखे. कासदाहाच्या नेहमीच्या जंतूंचे ठिपके मी इतके पाहिले होते, की त्यांना रस्त्यात ओळखलं असतं. हे त्यांच्यातले नव्हते. एक ठिपका काचेवर घेऊन, रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि हसायलाच लागले.

शकूरभाई धावत आले. "काय झालं?"

"बघा ना."

ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "मॅडम, हे तर केवढे मोठे आहेत! आणि याला तर कोंब फुटलाय, बटाट्यासारखा."

तो जीवाणू नव्हताच. ते यीस्ट होतं. बेकरीत पाव फुगवतात त्याचं भाऊबंद, बुरशीच्या कुळातलं. आपण जी औषधं टिकल्यांवर ठेवतो, ती सगळी जीवाणूंना मारणारी. यीस्टला त्यांचं काहीच वाटत नाही. माशाला पाण्यात बुडवायची धमकी द्यावी, तसं. त्या अहवालातला एकेक 'आर' खरा होता आणि तरीही पूर्ण अहवाल दिशाभूल करणारा होता. त्या बाटलीतून, पिचकारीतून ते सडात शिरलं होतं. वर प्रत्येक नव्या औषधाने कासेतले बाकीचे जंतू मारून यीस्टला ऐसपैस जागा करून दिली होती. संदेशने ते शेवटचं इंजेक्शन दिलं असतं, तर यीस्टने त्याचे आभारच मानले असते.

खरी परीक्षा आता होती. अशा कासदाहात बहुतेक गाई आपल्या आपण बऱ्या होतात, पण त्यासाठी जीवाणूंवरची सगळी औषधं बंद करावी लागतात. कास वरचेवर रिकामी करायची, दूध फेकायचं, स्वच्छता पाळायची, तापापुरतं औषध द्यायचं आणि वाट बघायची. हे सांगायला मी संदेशबरोबर पुन्हा गेले.

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे औषीद बंद? डाक्टरीनबाई, गाय तापली, कास दगड झाली, आन् तुमी म्हंता काय देऊ नका? मग एवढं शिकून काय केलं तुमी?"

"हेच शिकले," मी म्हटलं. "कधी द्यायचं नाही, ते."

भाऊसाहेब उसळले. "आवो, ह्ये काय सांगनं झालं? मी पैलं सांगितल्तं, दुसरा डाक्टर बघू. कोनीबी इंजेक्शन दिल." ते टेम्पोची चावी घेऊन निघालेच.

त्या क्षणी मला संदेशची काळजी वाटली. खेड्यात फिरणाऱ्या डॉक्टरचं गणित मला ठाऊक होतं. पेटी न उघडता परतणाऱ्या डॉक्टरला लोक पुन्हा बोलावत नाहीत. दोन थेंब साधं काहीतरी टोचून तो वेळ निभावून नेऊ शकला असता. पण त्याने पेटी मोटारसायकलवरून सोडली, मंदाताईंच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "दादा, ही पेटी इथेच ठेवतो. आज मी यातलं काही वापरणार नाही. पण रोज सकाळी येईन, गाई बघीन, तुमच्याबरोबर कास पिळीन. उतार पडला नाही, तर मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरला मीच घेऊन येतो."

भाऊसाहेब थांबले. त्यांना इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरपेक्षा पेटी सोडून जाणारा डॉक्टर अधिक विश्वासाचा वाटला असावा. चावी त्यांनी पुन्हा खिळ्याला अडकवली. मंदाताईंनी ती पिवळी बाटली उकिरड्यापलीकडे खड्डा खणून पुरली आणि वर दगड ठेवला.

पुढचे दिवस माझे चांगले गेले नाहीत. प्रयोगशाळेत बसून आपण थाळी वाचतो, कळवतो आणि दुसरी थाळी घेतो. गाईचं पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा कळतही नाही. इतकी वर्षं मी शेकडो गोठ्यांना काय द्या ते कळवलं होतं, पण माझ्या शब्दावर काहीच न देता कोणी बसलं आहे, हे पहिल्यांदाच घडत होतं. फोन वाजला, की शकूरभाईंच्या आधी मीच उचलायचे. मंदाताई रोज फोन करायच्या. "ताप हाय." "ताप हायच." "आज वैरण जरा चघळली." "दूध अजून पान्यावानी." त्यांच्या घरातली सगळी माणसं आळीपाळीने कास रिकामी करत होती. भाऊसाहेब टेम्पोच्या फेऱ्या कमी करून धारेला बसत होते, असं संदेश सांगायचा. ते त्याला टोमणेही मारायचे, "डाक्टर, आज तरी पेटी उघडायची का?"

मग एका सकाळी मंदाताईंचा फोन नेहमीपेक्षा फार लवकर आला. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"मॅडमनं लाथ मारली," त्या म्हणाल्या. "बादली उलथली. लई दिवसांनी मारली बगा, जोरात!" आणि खळखळून हसल्या.

एकामागून एक गाई सुधारल्या. तीन पूर्ण बऱ्या झाल्या. चौथी, त्यांची सर्वांत जुनी गाय, एका सडाने कायमची गेली. त्या भागातलं दूध आटलं ते आटलंच. महिनाभर आधी ती बाटली माझ्या नजरेला पडली असती, तर तेही वाचलं असतं, ही रुखरुख मला अजून आहे. संदेशच्या मनातही ती असावी, कारण त्यानंतर तो कुठल्याही गोठ्यात गेला, की जनावर बघायच्या आधी कोनाडे बघतो.

मी त्या गाईंचं दूध पुन्हा तपासायला मागवलं. नमुने घेऊन मंदाताई स्वतः एसटीने केडगावला आल्या. नमुने व्यवस्थित घेतलेले, बाटल्या उकळलेल्या, शेणाचा कण नाही. थाळ्या तयार झाल्या, की निकाल फोनवर सांगते म्हटलं, तर ऐकेनात. "मला डोळ्यांनी बघायचंय. आमच्या बहिनीकडं राहते हितं नगरात." एखादा ठिपका उशिरा उठत नाही ना, हे काही दिवस थांबून बघायचं होतं; तेवढे दिवस त्या खरंच राहिल्या. मग पुन्हा आल्या आणि शकूरभाईंनी मांडून दिलेल्या खुर्चीवर न बसता टेबलाशी उभ्या राहिल्या.

मी थाळ्या उजेडात धरून त्यांच्या हातात दिल्या. आधी त्यांना आजारातली जुनी थाळीही दाखवली, साईच्या थेंबांनी भरलेली. मग नव्या.

"हिच्यात काय दिसतंय?" मी विचारलं.

त्यांनी थाळी डोळ्यांजवळ नेली, तिरपी केली, खिडकीकडे वळून बघितली. "काहीच न्हाई."

"बरोबर वाचलंत."

"म्हंजे बरं झालं?"

"बरं झालं."

त्यांनी थाळी अगदी हळूच टेबलावर ठेवली, जशी काही ती हिंदकळली असती. पदर तोंडाला लावला आणि झटकन बाहेर ओट्यावर गेल्या. शेजारी बी-बियाणांचं दुकान होतं. तिथे ओट्यावर एक म्हातारे शेतकरी पिशवी मांडीवर घेऊन आपली पाळी यायची वाट बघत बसले होते. मंदाताईंनी भाऊसाहेबांना फोन लावला आणि सगळ्या पुणे रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, हसत आणि रडत सांगू लागल्या, "आवो, काहीच उगवलं न्हाई! एक ठिपका न्हाई! समदं कोरं हाय, कोरं! व्हय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, काही म्हंजे काही उगवलं न्हाई!"

म्हाताऱ्यांनी पिशवी बाजूला सारली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

"बस माय जरा," ते म्हणाले. "असं मनाला लावून घिऊ न्हाई. माझंबी गेल्या साली तसंच झाल्तं. बी खराब असल. दुबार पेर, येतंय."

मंदाताईंनी डोळे पुसले, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडून म्हणाल्या, "न्हाई बाबा, दुबार नको!"